बाई शिकली तर अंगणवाडी चालली : ताराबाई मोडकांची गोष्ट

तुमच्या गावात अंगणवाडी आहे. लेकरू तिथे जाते, खिचडी खाते, वजन होते आणि घरी येते. पण हा अंगणवाडी शब्द आला कुठून, याचा विचार कधी केलाय का? ज्या बाईने तो रूढ केला, तिने काही वर्षे आपल्या वऱ्हाडातच, अमरावतीला संसार केला होता. मुंबईहून बडनेऱ्याला जाणारी गाडी आपल्या नांदुऱ्यावरूनच जाते. त्याच वाटेवरच्या गावची ही एकेकाळची सून म्हणजे ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा, माहेरचे आडनाव केळकर. वडील प्रार्थना समाजाचे, सुधारक विचाराचे. पोरींना शाळेत घालणे हेच मोठे धाडस होते, त्या काळात ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. पुढे वकील मोडकांशी लग्न होऊन त्या अमरावतीला आल्या. संसार मात्र सुखाचा झाला नाही. लहान मुलीला घेऊन त्या बाहेर पडल्या आणि राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या कॉलेजात प्राचार्य झाल्या. पगार चांगला, मान मोठा. दुसरी कोणी असती तर तिथेच थांबली असती.

पण त्यांच्या कानावर भावनगरच्या गिजुभाई बधेकांचे नाव आले. हे गृहस्थ वकिली सोडून दक्षिणामूर्ती संस्थेत लहान मुलांचे बालमंदिर चालवत होते. छडी नाही, घोकंपट्टी नाही. मूल हाताने करून शिकते, हा तिथला पाठ. ताराबाई राजकोटची नोकरी सोडून तिकडे गेल्या. इटलीच्या मॉन्टेसोरीबाईंची पद्धत आपल्या देशाला परवडेल अशी कशी करायची, यावर दोघांनी मिळून काम केले. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला.

तिथे ताराबाईंच्या ध्यानात एक गोष्ट पक्की बसली. खेळणी आणली, खोली बांधली, तरी समोर बसणाऱ्या बाईला लेकराचे मन कळत नसेल तर सगळे वाया. तुम्हीच बघा, बियाणे महागाचे आणले आणि पेरणाऱ्याला वाफसा कळत नसला, तर उगवण कशी होणार? म्हणून १९३६ साली मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार काढला, तेव्हा मुलांच्या वर्गासोबत बालशिक्षिका घडवायचे कामही हाती घेतले. मूल का रडते, का मारते, त्याला गाणे कसे द्यायचे, मातीत कसे खेळू द्यायचे, हे शिकवावे लागते. दोन लेकरं वाढवली म्हणजे तीस लेकरं सांभाळता येतात असे नाही.

शहरात नाव झाले, तरी बाईंचे मन तिथे रमले नाही. खेड्यातल्या पोरांचे काय, हा प्रश्न होता. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या. हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघरमध्ये येते. तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबत आल्या. गरीब वस्तीतली पोरे बालवाडीत येईनात. मायबाप मजुरीला जायचे, धाकट्याला सांभाळायला थोरले घरी. मग ताराबाईंनी उलटे केले. पोरे येत नाहीत ना, मग आपणच त्यांच्या अंगणात जाऊ. वस्तीच्या अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी. महागडी साधने परवडत नाहीत, तर शंख-शिंपले, बिया, पाने, माती हीच साधने.

पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींमध्ये गेले. तिथली पोरे दिवसभर गुरांमागे असायची, म्हणून शिक्षिका कुरणात गेल्या आणि कुरणशाळा भरल्या. यासोबत खेड्यात काम करणाऱ्या बालसेविकांचे शिक्षण चालूच होते. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाला. १९७३ साली त्या गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, सरकारची एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले.

नाव गेले खरे, पण बाई घडवण्याचा तो आग्रह किती गेला, हे आपण आपल्या गावापुरते तपासायचे आहे. सेविकेकडे आहार आहे, वजन-उंची आहे, लसीकरणाची आठवण आहे, मोबाईलवर माहिती भरणे आहे. शिकवायला वेळ उरतो तो किती? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पाया धरला. बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाचा अभ्यासक्रम द्यावा, असे त्यात म्हटले आहे. २०२३ साली पोषण भी पढाई भी हा प्रशिक्षणाचा कार्यक्रमही आला.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनो, आपल्या हाती काय आहे तेवढे पाहू. सेविका प्रशिक्षणाला गेली की गावात कुरकुर होते, बाई नाही, दार बंद. त्या दिवसांत मदतनीस आणि गावातल्या चार मायबहिणींनी मुलं सांभाळली, तर दार उघडे राहील. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला दहा टक्के हिस्सा महिला व बालकल्याणासाठी असतो, त्यातून सतरंजी, ठोकळे, चित्रांची पुस्तके घेता येतात. बाई परत आली की ग्रामसभेत तिला विचारा, काय शिकून आलात? लेकराच्या मायलाही ऐकू द्या.

आणि तुम्ही, बंधूंनो, वावरात जाता-जाता एकदा अंगणवाडीत डोकावा. खिचडी शिजली का, हे विचारताच. आज पोरांना कोणते गाणे शिकवले, तेही विचारा.