मायकेल थोनेट

घणसोलीहून मुंबईस गेलों कीं इराण्याच्या हॉटेलांत वांकविलेल्या लांकडाची खुर्ची आम्ही पाहतों. तिचा आद्य कर्ता मायकेल थोनेट हा सुतार १७९६ मध्यें ऱ्हाइनकांठच्या बोपार्ड गांवीं जन्मला. प्रथम तो लांकडाच्या पातळ पट्ट्या सरसांत उकळून वांकवी. या नादांत कर्जबाजारी होऊन तो १८४२ त व्हिएन्नास गेला. खुर्च्या समुद्रापार जाऊं लागल्या, तों दमट हवेंत सरस सुटे! तेव्हां थोनेटनें आपलीच रीत टाकली. बीच झाडाच्या अखंड काठ्या वाफवून, बाहेरच्या अंगास पोलादी पट्टी आवळून, तो त्या वांकवूं लागला. पट्टीमुळें लांकूड फाटत नसे. खरी हिकमत हीच, असें आम्हांस वाटतें. १८५९ त निघालेली चौदा क्रमांकाची खुर्ची पुढें अवघ्या सहा तुकड्यांची झाली, जोडणी स्क्रूंची. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या घनमीटरभर पेटींत मावत. १८७१ त थोनेट वारला. कारखाना मुलांच्या हातीं होता.