क्ष-किरणांचा निर्लोभ धनी

सांध्याजवळ टणक गाठ वाढू लागली की रुग्णाच्या मनात प्रथम कर्करोगाची शंका येते. क्वचित प्रसंगी मात्र ती गाठ म्हणजे मऊ ऊतींत साचलेले कॅल्शियमचे क्षार असतात. काही कुटुंबांत हा विकार आनुवंशिक असतो. मूत्रपिंडे निकामी झालेल्यांतही असे साठे आढळतात. शस्त्र न लावता अशा गाठीचे स्वरूप प्रथम उघड करते ते क्ष-किरणांचे साधे चित्र. हे साधन जगाच्या हाती देणाऱ्या व्हिल्हेल्म कोनराट रंटगेन यांचे चरित्र, ज्ञानाची मालकी कोणाची, या प्रश्नाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने वाचावे असे आहे.

२७ मार्च १८४५ रोजी लेनेप या जर्मन गावी एका कापड व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. बालपण हॉलंडमध्ये गेले. शिक्षकाचे व्यंगचित्र काढणाऱ्या सोबत्याचे नाव सांगण्यास नकार दिल्यामुळे त्यांना शाळेतून काढण्यात आले. झुरिचला शिकून १८६९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. तरीही शालान्त प्रमाणपत्राअभावी वुर्ट्सबुर्ग विद्यापीठाने त्यांना अध्यापनाचा अधिकार नाकारला. त्याच विद्यापीठाने १८८८ मध्ये त्यांना प्राध्यापकपदी सन्मानाने बोलाविले, हा काळाचा न्यायच म्हणावा लागेल.

तेथेच ८ नोव्हेंबर १८९५ रोजी काळ्या पुठ्ठ्याने झाकलेल्या नळीतून विद्युतप्रवाह सोडला असता दूरचा रासायनिक पडदा उजळल्याचे त्यांना दिसले. पुढे पत्नीच्या हाताचे चित्र घेतले, तेव्हा हाडे आणि अंगठी स्पष्ट उमटली. याचे कारण सरळ आहे. मांसातील कार्बन व ऑक्सिजन यांचे अणुक्रमांक ६ व ८, तर कॅल्शियमचा २०. म्हणून कॅल्शियम हे किरण अधिक अडविते. हाडाबाहेर साचलेले कॅल्शियमही याच नियमाने पांढरे दिसते. सांध्याभोवती पुंजक्यांसारखी पांढरी छाया, पण सांधा व हाडे शाबूत, असे चित्र पाहून जाणकार डॉक्टर या विकाराचा अंदाज बांधतो. मग रक्तातील फॉस्फेटची तपासणी आणि सीटी स्कॅन यांचा आधार घेतला जातो. अनावश्यक शस्त्रक्रिया त्यामुळे टळू शकते.

या शोधाचे पेटंट रंटगेन यांनी घेतले नाही. घेतले असते तरी त्याची मुदत केव्हाच संपली असती, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु १८९६ च्या पहिल्या काही महिन्यांतच युरोप-अमेरिकेतील डॉक्टर हे किरण वापरू लागले, हे विसरता येत नाही. १९०१ चे भौतिकीचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्याची रक्कम त्यांनी विद्यापीठाला दिली. पहिल्या महायुद्धानंतरच्या प्रचंड चलनवाढीत त्यांची बचत मातीमोल झाली आणि १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले.

बाजाराच्या हिशेबाने हा तोट्याचा व्यवहार ठरेल. समाजाच्या हिशेबाने याहून मोठी गुंतवणूक क्वचितच झाली असेल. मात्र ज्ञान विनामूल्य झाले तरी यंत्र आणि चित्र वाचणारी प्रशिक्षित नजर विनामूल्य मिळत नाही. त्यांची तरतूद सार्वजनिक खजिन्यातून तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत झाली नाही, तर रंटगेन यांचे दान ज्यांना ऐपत आहे त्यांच्यापुरतेच उरेल.