फेनचे दगड आणि प्राध्यापक ब्रॉगर

फ्रायबुर्गजवळचा कायझरस्टूल तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. द्राक्षमळ्यांचा हा डोंगर म्हणजे सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीचा ज्वालामुखी. त्याच्या मध्यभागी, शेलिंगेन गावाजवळ, चुनखडीसारखा पांढरट दगड सापडतो. ज्वालामुखीत चुनखडी कुठून आली? पूर्वीचे अभ्यासक म्हणत, ही जुनीच चुनखडी, ज्वालामुखीच्या आचेने भाजलेली. वेगळे उत्तर मिळाले ते नॉर्वेच्या वाल्देमार ब्रॉगर यांच्या कामामुळे. आज त्यांची ओळख करून घेऊ.

ब्रॉगर यांचा जन्म १८५१ साली क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ओस्लोत झाला. वडील मुद्रक होते. ब्रॉगर आधी प्राणिशास्त्राकडे वळले, पण पुढे दगडांचेच झाले. १८८१ मध्ये ते स्टॉकहोमला प्राध्यापक झाले आणि १८९० मध्ये मायदेशी परतले. तिथल्या विद्यापीठाचे ते पहिले रेक्टर. काही वर्षे ते संसदेतही होते. आपण घरी मराठी आणि शाळेत जर्मन बोलतो, तसे तेही घरी नॉर्वेजियन बोलत आणि मोठे ग्रंथ जर्मनमध्ये लिहीत.

१९२१ साली, सत्तरीला टेकलेले असताना, त्यांनी टेलेमार्कमधल्या फेन या ठिकाणावर ग्रंथ लिहिला. आपल्याकडे फेन म्हणजे फेस, पण इथे ते जागेचे नाव आहे. ब्रॉगर यांनी दोन गोष्टी मांडल्या. पहिली, इथला चुनखडीसारखा दगड समुद्रतळाशी साचलेला नाही, तो वितळलेल्या रसाच्या रूपात जमिनीखालून वर आला. त्याला त्यांनी कार्बोनेटाइट म्हटले. दुसरी, आसपासचा ग्रॅनाइटसारखा खडक न वितळताच बदलला. हे कसे? कैरीची फोड मिठात मुरते तेव्हा फोड फोडच राहते, पण चव पालटते. तसाच हा खडक मुरला. भेगांमधून सोडियम-पोटॅशियम आत शिरले, गारगोटी नाहीशी झाली, हिरवट खनिजे तयार झाली. या मुरलेल्या खडकाला त्यांनी फेनाइट असे नाव दिले.

सगळ्यांना हे पटले नाही. अमेरिकेचे नामांकित संशोधक नॉर्मन बोवेन यांनी १९२४ साली विरोधात लिहिले. कॅल्साइट वितळायला हजार अंशांहून कितीतरी जास्त उष्णता लागते, मग त्याचा रस कुठला? त्यांच्या मते ही सारी गरम पाण्याची किमया होती. वाद मिटला नाही आणि १९४० साली ८८ वर्षांचे ब्रॉगर वारले.

उत्तर आले १९६० साली. वायली आणि टटल यांनी प्रयोगशाळेत दाखवले की दाबाखाली पाणी असेल, तर कॅल्साइट सुमारे साडेसहाशे अंशांनाच वितळू लागते. त्याच वर्षी आजच्या टांझानियातल्या ओल्डोइन्यो लेंगाई ज्वालामुखीत कार्बोनेटचा लाव्हा प्रत्यक्ष वाहताना दिसला. कायझरस्टूलचा पांढरा दगडही आता कार्बोनेटाइट मानला जातो.

आणि आपल्या देशात? १९६३ साली सुखेस्वाला आणि उदास या भूशास्त्रज्ञांनी गुजरातेत, नर्मदेच्या खोऱ्यातल्या अंबाडोंगरचा कार्बोनेटाइट जगापुढे आणला. तिथे वाळूचा दगड मुरून फेनाइट झाला आहे. नॉर्वेतल्या एका छोट्या जागेचे नाव असे आपल्या डोंगरालाही लागले. ते देणारे ब्रॉगर मात्र हे पाहायला नव्हते.