डिझेल इंजिनाचे जनक : रुडॉल्फ डिझेल



आपल्या भिवापूरची मिरची नागपूरला जाते ती डिझेलच्या गाडीतून. शेतातला ट्रॅक्टर डिझेलवर, लग्नाच्या वरातीतला जनरेटरसुद्धा डिझेलवर. गावावरून जाणारी नागपूर-नागभीड ही छोटी लाईन ब्रॉडगेज करण्यासाठी २०१९ साली बंद झाली. तिलाही शेवटची कितीतरी वर्षं डिझेलचंच इंजिन होतं. पण डिझेल हे एका माणसाचं आडनाव आहे, हे आमच्या वर्गात पुष्कळांना ठाऊक नव्हतं. म्हणून मी त्यांचं चरित्र थोडक्यात लिहीत आहे.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस शहरी झाला. आईवडील मूळचे जर्मन. वडील चामड्याच्या वस्तू बनवीत. घरची स्थिती बेताचीच होती. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं. जर्मन लोकांना पॅरिस सोडावं लागलं. डिझेल कुटुंब लंडनला गेलं. तिथून बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीत आउग्सबुर्ग गावी नातेवाइकांकडे शिकायला पाठवण्यात आलं. आपल्या सातवीतल्या मुलाएवढं त्याचं वय. युद्ध, परका मुलूख आणि आईबाप दूर! पण त्यानं अभ्यास सोडला नाही.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून तो म्युनिकच्या तंत्रशाळेत गेला. तिथे लिंडे नावाचे मोठे प्राध्यापक होते. थंडावा निर्माण करणारी यंत्रं हा त्यांचा विषय. परीक्षेच्या वेळी रुडॉल्फला विषमज्वर झाला आणि परीक्षा हुकली. १८८० साली त्यानं ती दिली आणि फार उत्तम गुणांनी पास झाला. मग लिंडे यांच्याच बर्फाच्या यंत्रांच्या कामावर तो लागला.

त्या काळी कारखाने वाफेवर चालत. कोळशाच्या उष्णतेचा सुमारे दहावा हिस्साच कामी येई, बाकी सगळी वाया. हे डिझेल यांच्या मनाला लागून राहिलं. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप खालून गरम लागतो, हे आपण सर्वांनी पाहिलं आहे. हवा दाबली की ती तापते. डिझेल यांनी ठरवलं की हवा इतकी दाबायची, इतकी दाबायची, की तिच्यात इंधन सोडताच ते आपोआप पेटावं. ठिणगीची गरजच नको. १८९२ साली त्यांनी या कल्पनेचं पेटंट मागितलं आणि आउग्सबुर्गच्या कारखान्यात यंत्र तयार करायला घेतलं.

१० ऑगस्ट १८९३ रोजी पहिला प्रयोग झाला. इंधन आत जाताच मोठा धडाका झाला. आतला दाब हवेच्या साध्या दाबाच्या सुमारे ८० पट चढला. दाब मोजणारं उपकरण फुटलं आणि त्याचे तुकडे उडाले. डिझेल थोडक्यात वाचले. दुसरा कोणी असता तर घरी गेला असता. पण डिझेल यांना त्यातून कळलं की इंधन पेटतं, म्हणजे कल्पना खरी आहे; आता दाब आवरायला शिकायचं. त्यांनी पुन्हा यंत्र सुधारलं, पुन्हा मोजमाप केलं. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन मिनिटभर आपल्या बळावर फिरलं. फक्त एक मिनिट! आणखी तीन वर्षं गेली. १८९७ साली एका प्राध्यापकांनी रीतसर परीक्षा घेतली, तेव्हा इंधनाच्या उष्णतेचा २६ टक्क्यांहून जास्त हिस्सा कामी येतो असं दिसलं. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात तर असं एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं.

डिझेल यांचं नाव जगभर झालं. पण पैशाच्या व्यवहारात त्यांना मोठी खोट आली. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री बोटीनं इंग्लंडला जाताना ते बेपत्ता झाले. काही दिवसांनी त्यांचा देह समुद्रात मिळाला. काय घडलं ते आजवर नक्की कळलेलं नाही. त्यांचं इंजिन मात्र देशोदेशी गेलं. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स सुरू झाली आणि आपल्याकडच्या विहिरींवर डिझेल इंजिनं धडधडू लागली.

आता या चरित्राचा आमच्या घरी काय उपयोग झाला ते सांगतो. आमच्या बाबांची पिकअप गाडी जुनी आहे. तिचा पाण्याचा काटा बंद पडला होता आणि ऑईलसाठी नुसता लाल दिवा आहे. मागल्या हंगामात उमरेडच्या रस्त्यावर इंजिन हीट झालं, हेड गॅसकेट गेलं. कळमन्याचा लिलाव हुकला अन् मिरचीचे पैसे दुरुस्तीत गेले. तेव्हा बाबांनी वरून नवे मीटर बसवायचं ठरवलं. पैसे दोनच मीटरपुरते होते. काकांचं मन टर्बोच्या मीटरवर होतं, कारण ते दिसायला झकास. मिस्त्रीकाका म्हणाले की इंजिन मरतं ते दोन गोष्टींनी, उष्णतेनं आणि ऑईल न पोचल्यानं. म्हणून पहिलं मीटर पाण्याच्या तापमानाचं, दुसरं ऑईलच्या दाबाचं. ऑईलच्या मीटरमध्ये दोन जाती असतात. एकात बारीक नळीनं गरम ऑईल थेट केबिनमध्ये येतं. नळी फुटली तर पायावर पडायची भीती. दुसऱ्यात इंजिनावर सेन्सर असतो आणि आत फक्त वायर येते. बाबांनी वायरवालं घेतलं.

डिझेल यांच्यासारखं मीही मोजमाप लिहून ठेवतो. बाबांसोबत गेलो की वहीत आकडे टिपतो. आमचा काटा चालत्या गाडीत ८५ ते ९० अंशांवर असतो. एकदा तो ९८ वर गेला. बाबांनी लगेच गाडी बाजूला घेतली. रेडिएटरच्या जाळीत कचरा भरला होता. थंड झाल्यावर साफ केला आणि आम्ही लिलावाला वेळेवर पोचलो. लाल दिवा फार उशिरा पेटतो, काटा आधी सांगतो.

पालकांना एक विनंती. पाणी पार गळून गेलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट कमी दाखवू शकतो. म्हणून मीटर असलं तरी रोज सकाळी इंजिन थंड असताना पाणी आणि ऑईल बघत जा. गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका. आणि मीटर नुसतं शोभेला लावू नका, त्याकडे पाहा.

एवढं लिहून मी माझा लेख संपवतो.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी