पालवणकर बाळू : खेळाडूने राजकारणावर बोलावे काय?



खेळाडूने खेळावे, नटाने काम करावे, गायकाने गावे. राजकारणात तोंड घालू नये, असे तुम्ही पुष्कळदा ऐकले असेल. भूमसारख्या तालुक्याच्या गावीही चहाच्या टपरीवर हा निवाडा रोज होतो. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. खेळाडूचे मत आपल्याला पटले की त्याला गप्प बस असे कोणी म्हणत नाही. मत टोचले की मगच खेळाचे पावित्र्य आठवते. आपणही याला अपवाद नाही. म्हणून ज्याचे मत आपल्याला, बाबासाहेबांच्या अनुयायांना, सर्वांत जास्त टोचले, अशा एका थोर खेळाडूचे चरित्र आज तुमच्यापुढे ठेवतो.

पालवणकर बाळू यांचा जन्म १९ मार्च १८७६ रोजी धारवाडला चांभार कुटुंबात झाला. आडनाव आले ते रत्नागिरी जिल्ह्यातील पालवण गावावरून. वडील लष्करी नोकरीत होते. पोरवयातच बाळू पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबात कामाला लागले. खेळपट्टी झाडायची, तिच्यावर रोलर फिरवायचा, पगार महिना तीन रुपये. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर गेले. तेथे ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज सरावासाठी त्यांच्याकडून तासन् तास गोलंदाजी करून घेई. त्यातूनच हा डावखुरा, मंदगती, चेंडूला हवी तशी फिरकी देणारा गोलंदाज तयार झाला. फलंदाजीला मात्र त्यांना बोलावणे नसे. चेंडू टाकणे हे कष्टाचे काम, ते नोकराने करावे. बॅट हाती घेण्याचा मान साहेबाचा. चातुर्वर्ण्य मैदानावरही येऊन बसते, ते असे.

गोऱ्यांना हरवायचे तर हा गोलंदाज हवा, हे पुण्यातील हिंदूंच्या संघाला उमगले आणि बाळूंना संघात घेतले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सारे हाताळत. चहाची वेळ झाली की सवर्ण खेळाडू आत कपबशीतून चहा पीत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात, उरला चहा फेकून भांडेही फेकून द्यावे अशा रीतीने चहा मिळे. जेवणाचे ताट निराळे, बसायची जागा निराळी. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता! आता तुम्हीच सांगा, हा माणूस राजकारणात कधी शिरला? राजकारण तर त्या मातीच्या भांड्यातून पहिल्या दिवसापासून त्याच्या ओठाला लागले होते.

पुण्यात प्लेग आला आणि बाळू मुंबईला आले. तेथे रेल्वेत नोकरी आणि हिंदू जिमखान्याकडून खेळ. १९०६ साली हिंदूंनी युरोपियन संघाला हरवले, त्यात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम यांचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण एकट्या बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. मायदेशी परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, असे बाळूंविषयी लिहिणारे सांगतात. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला अभिमानाने दाखवता येईल असे जे पहिले नाव मिळाले, ते एका गोलंदाजाचे होते.

एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. १९२० साली बंधू विठ्ठल यांनाही डावलले गेले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले. खेळाडूने गप्प बसावे हा नियम त्यांनी पाळला नाही. १९२३ साली विठ्ठल त्या संघाचे कर्णधार झाले. गप्प बसून ते मिळाले असते असे मला वाटत नाही.

आता टोचणारा भाग. बाळूंनी काय पाहिले होते? मातीच्या भांड्यापासून भावाच्या कर्णधारपदापर्यंतचा प्रवास. सवर्णांचे मन हळूहळू पालटते, या समजुतीला त्यांच्या आयुष्यात आधार होता. त्यामुळे ते गांधीजींच्या बाजूस झुकले. स्वतंत्र मतदारसंघांच्या वादात त्यांनी संयुक्त मतदारसंघांची बाजू घेतली आणि २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. १९३५ साली येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा बाळूंनी तिला जाहीर विरोध केला. बाबासाहेबांनी पाहिले होते ते महाडचे पाणी आणि काळारामाचे बंद दार. हजारो माणसांचा अनुभव एका बाजूला आणि एका अलौकिक खेळाडूचा दुसऱ्या बाजूला. ज्याच्या हातात विलक्षण गुण आहे त्याच्यासाठी दार किलकिले होते. ज्याच्याजवळ केवळ माणूसपण आहे त्याने काय करावे? हा प्रश्न बाळूंनी स्वतःला पुरेसा विचारला नाही, असे माझे मत आहे.

१९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने भायखळा-परळ भागातील राखीव जागेसाठी बाबासाहेबांविरुद्ध साठीच्या घरातील बाळूंना उभे केले. पुणे कराराने जागा राखीव ठेवल्या, पण अंतिम मतदान सर्वांचे, सवर्णांचेही. म्हणून अस्पृश्यांच्या सर्वांत मोठ्या नेत्यापुढे अस्पृश्यांतलाच लाडका खेळाडू उभा करण्याची युक्ती सुचली. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. अंतर अवघे २,०२० मतांचे! ज्या हातांनी बाळूंच्या बळींवर टाळ्या वाजवल्या असतील, त्यांतल्या कित्येक हातांनी मत मात्र बाबासाहेबांना दिले. टाळी कशाची आणि मत कशाचे, हे त्या कामगारवस्तीला कळत होते. आपल्या भूमकडे तेव्हा निजामी अंमल होता. इकडच्या माणसाच्या वाट्याला या लढतीत मत देणे नव्हतेच.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, तर मग बाळूंनी खेळापुरतेच राहायला हवे होते. मला हे मान्य नाही. भीमराव कर्डकांच्या जलशांनी गावोगाव राजकारणच केले. वामनदादा कर्डकांची गाणी ऐकून आपल्या बायाबापड्यांना चळवळ कळली. कलावंत आपल्या बाजूने गायला की लोकशिक्षण आणि खेळाडू विरुद्ध बोलला की आगाऊपणा, असा दुहेरी काटा बौद्धाच्या तराजूत चालणार नाही. बाबासाहेबांनी त्या निवडणुकीत बाळूंचे तोंड बंद केले नाही. त्यांना मतपेटीत हरवले. तुमचा मुलगा एखाद्या क्रिकेटपटूचे मत घरी येऊन सांगेल, तेव्हा त्याला गप्प करू नका. हा माणूस कोणत्या अनुभवावरून बोलतो आणि त्याला कोण उभे करत आहे, एवढे दोन प्रश्न त्याला विचारायला लावा.

बाळू ४ जुलै १९५५ रोजी वारले. त्यानंतर पंधरा महिन्यांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरला ती दीक्षा झाली, जिच्या घोषणेला त्यांनी वीस वर्षांपूर्वी विरोध केला होता.