प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला

शुक्ल पक्षातील सप्तमी-अष्टमीच्या सुमारास कबनूरच्या माळावर लहानशी दुर्बीण लावून आम्ही मुलांस चंद्र दाखवितो. आजीने दाखविलेला ससा तेथे सापडत नाही म्हणून धाकटी मुले प्रथम हिरमुसतात. पण पुढे खळगे व डोंगर दिसू लागले म्हणजे दुर्बिणीपासून हलावयास तयार नसतात. 1609 साली पादुआ येथे गॅलिलिओने हेच पाहिले. चंद्राच्या अंधाऱ्या भागात काही ठिपके उजळलेले पाहून, ती उन्हात न्हालेली गिरिशिखरे होत, हे त्याने ताडले. त्याचे नाव आमच्या मुलांस पाठ असते. परंतु पुण्यास वीस इंची आरशाची दुर्बीण उभारणाऱ्या नायगमवालांचे नाव विचारले, तर वर्ग गप्प बसतो.

कावसजींचा जन्म 1857 सालचा, पारशी कुळातला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून 1878 साली ते एम. ए. झाले व पुढे तेथेच पदार्थविज्ञान शिकवू लागले. 1882 साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी ह्यांनी पाच हजार रुपये दिले, सरकारने तितकीच भर घातली. 1884 साली कावसजी विलायतेस गेले. तेथे नॉर्मन लॉकियर आदी ज्योतिषांनी त्यांस वर्णपटाच्या अभ्यासासाठी वेधशाळाच काढण्याचा सल्ला दिला. ती 1888 साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात उभी राहिली. तिची दुर्बीण डब्लिनच्या ग्रब ह्यांच्या कारखान्यातील असून, पुढे कित्येक दशके हिंदुस्थानात तिच्याएवढी दुसरी नव्हती.

आता जी गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती सांगतो. मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. ती उल्कांतील मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष होय, असे लॉकियर मानीत. ह्याच मतावर त्यांनी विश्वोत्पत्तीची मोठी उपपत्ती रचिली होती. त्यांचे म्हणणे खरे असते, तर ती रेषा एका बाजूस पुसट दिसावयास हवी होती. नायगमवालांनी 1891 साली पुन्हा पुन्हा पाहिले. रेषा प्रत्येक वेळी बारीक व रेखीव दिसली. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली, त्यांच्याच मताविरुद्ध हा निष्कर्ष जात होता, आणि तरीही तो त्यांनी प्रसिद्ध केला. त्या रेषेचे उगमद्रव्य ऑक्सिजन होय हे 1927 साली बोवेन ह्यांनी सिद्ध केले.

22 जानेवारी 1898 रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. लॉकियर विजयदुर्गास उतरले. नायगमवाला आपली मंडळी घेऊन सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे गेले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कँपबेल हेही तेथेच होते. प्लेगने त्या दिवसांत पुणे भाग हैराण झाला होता. खग्रासाचा काळ सुमारे दोन मिनिटांचा! तयारी मात्र महिन्यांची. अशा ग्रहणात चंद्राची कडा आपले खरे रूप प्रकट करिते : सूर्य झाकला जाताना कडेवरच्या दऱ्यांतून शेवटचे ऊन मण्यांप्रमाणे चमकते, आणि जेथे डोंगर आड येतात तेथे ते तुटते. गॅलिलिओचे डोंगर नुसत्या डोळ्यांस कळावयाचे ते असे. नायगमवालांचे लक्ष मात्र सूर्याभोवतीच्या तेजाच्या वर्णपटाकडे होते. त्यांचा ग्रहणाचा अहवाल 1902 साली छापून निघाला.

वेधशाळा एका माणसाच्या बळावर चालली होती. 1912 साली नायगमवाला सेवानिवृत्त झाले आणि सरकारने ती बंद केली. त्यांच्यामागे तेथे काम चालविणारा कोणी नेमला नाही. दुर्बीण व इतर उपकरणे कोडाईकनालला गेली. चोवीस वर्षांचे काम असे पेट्यांत बंद होऊन दक्षिणेस गेले, ह्याचे आम्हांस राहून राहून वाईट वाटते. त्यानंतर सव्वीस वर्षे ते जगले. 1938 साली वारले.

1980 च्या दशकात ती दुर्बीण लडाखमधील लेह येथे नेऊन बसविण्यात आली. तेथे ती भावनगर दुर्बीण ह्या नावाने ओळखली गेली.