विश्लेषण : महिलांना मतदानाचा हक्क नसताना थेट अध्यक्षपदाची उमेदवारी! कोण होत्या शेअर दलाल व्हिक्टोरिया वुडहल?

अमेरिकेत महिलांच्या मताधिकाराला राज्यघटनेचे संरक्षण मिळाले ते १९२० मध्ये. त्याच्या तब्बल ५० वर्षे आधी एका महिलेने थेट राष्ट्राध्यक्षपदासाठी उमेदवारी जाहीर केली होती. व्हिक्टोरिया वुडहल हे तिचे नाव. वॉल स्ट्रीटवर त्यांची स्वतःची दलाली पेढी होती आणि उमेदवारी जाहीर केली त्या दिवशी त्यांच्यामागे कोणताही पक्ष नव्हता. व्यवसायातून मिळालेला पैसा त्यांना राजकारणात कुठपर्यंत घेऊन गेला आणि कुठे अपुरा पडला, याविषयी…

वुडहल मूळच्या कुठल्या?

त्यांचा जन्म २३ सप्टेंबर १८३८ रोजी ओहायो राज्यातील होमर या गावी झाला. घरची गरिबी, शाळा जेमतेम काही वर्षांची. वडील गावोगावी फिरून औषधे विकत, मुलींना भविष्य सांगायला बसवत. व्हिक्टोरिया यांचे लग्न १५व्या वर्षी कॅनिंग वुडहल या डॉक्टरशी लावले गेले. पतीला दारूचे व्यसन होते आणि मुलगा बौद्धिकदृष्ट्या दिव्यांग होता. त्यामुळे घर चालवण्याची जबाबदारी व्हिक्टोरिया यांच्यावरच पडली. पुढे त्यांनी घटस्फोट घेतला. पण घटस्फोटित स्त्रीकडे समाज कसा पाहतो, हा अनुभव त्यांच्या राजकारणात कायम राहिला.

वॉल स्ट्रीटवर प्रवेश कसा मिळाला?

१८६८ च्या सुमारास व्हिक्टोरिया आणि त्यांची धाकटी बहीण टेनेसी क्लॅफ्लिन न्यूयॉर्कला आल्या. तिथे त्यांची ओळख रेल्वे आणि जहाज उद्योगातील धनाढ्य कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट यांच्याशी झाली. व्हँडरबिल्ट यांना मृतात्म्यांशी संवाद साधण्याच्या प्रयोगांत रस होता आणि दोघी बहिणी ते प्रयोग करत. त्या बदल्यात त्यांना बाजाराची माहिती आणि मोठा आधार मिळाला.

फेब्रुवारी १८७० मध्ये ब्रॉड स्ट्रीटवर ‘वुडहल, क्लॅफ्लिन अँड कंपनी’ सुरू झाली. महिलांनी चालवलेली वॉल स्ट्रीटवरची ही पहिली दलाली पेढी मानली जाते. पहिल्या दिवशी बघ्यांची एवढी गर्दी झाली की पोलिसांना बंदोबस्त ठेवावा लागला. महिला गुंतवणूकदारांसाठी पेढीत मागच्या बाजूला वेगळी खोली होती. मात्र न्यूयॉर्क शेअर बाजारात महिलेला सदस्यत्व मिळायला १९६७ साल उजाडले.

अपक्ष उमेदवारी कशी जाहीर झाली?

पेढी सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. २ एप्रिल १८७० रोजी ‘न्यूयॉर्क हेरल्ड’मध्ये वुडहल यांचे पत्र छापून आले आणि त्यातून त्यांनी १८७२ च्या निवडणुकीसाठी उमेदवारी जाहीर केली. ना पक्ष, ना अधिवेशन. महिलांना मत देता येत नसले, तरी उमेदवार पुरुषच असावा, अशी अट राज्यघटनेत नव्हती. नेमका याच त्रुटीचा त्यांनी आधार घेतला. वयाची अडचण मात्र होती. अध्यक्ष ३५ वर्षांचा असावा लागतो आणि मार्च १८७३ मध्ये शपथविधीच्या वेळी त्या ३४ वर्षांच्याच असणार होत्या.

मे १८७० मध्ये दोघी बहिणींनी स्वतःचे साप्ताहिक काढले. पेढीचा पैसा असा प्रचाराला लागला. मार्क्स-एंगल्स यांचा कम्युनिस्ट जाहीरनामा अमेरिकेत इंग्रजीतून प्रथम छापला तो याच साप्ताहिकाने. तोही वॉल स्ट्रीटच्या कमाईवर!

मताधिकारासाठी त्यांचा युक्तिवाद काय होता?

११ जानेवारी १८७१ रोजी त्यांनी प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीसमोर बाजू मांडली. १४व्या घटनादुरुस्तीनुसार इथे जन्मलेली प्रत्येक व्यक्ती नागरिक आहे. १५वी दुरुस्ती नागरिकांच्या मताधिकाराचा उल्लेख करते. महिला नागरिक असतील, तर त्यांना मताधिकार आधीच आहे. नवा कायदा कशाला, असा त्यांचा सवाल होता. समितीच्या बहुमताने तो फेटाळला. पण त्या एका दिवसात सुसान अँथनी यांच्यासारख्या ज्येष्ठ नेत्यांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले.

मग पाठिंबा का गळाला?

लग्न, घटस्फोट आणि मातृत्व यांचा निर्णय स्त्रीने स्वतः घ्यावा, त्यात सरकारने पडू नये, अशी भूमिका वुडहल यांनी जाहीरपणे मांडली. त्यामुळे चळवळीतले अनेक जण बिचकले. मे १८७२ मध्ये त्या आपली संघटना ताब्यात घेतील, या भीतीने अँथनी यांनी सभागृहातले दिवेच मालवायला लावले. वुडहल यांच्या समर्थकांनी त्याच महिन्यात ‘इक्वल राइट्स पार्टी’च्या नावाने त्यांना उमेदवारी दिली. उपाध्यक्षपदासाठी गुलामगिरीतून सुटून नेते झालेले फ्रेडरिक डग्लस यांचे नाव जाहीर झाले, तेही त्यांना न विचारता. डग्लस यांनी प्रचार केला तो ग्रँट यांचा.

मतदानाच्या दिवशी तुरुंगात का?

प्रसिद्ध धर्मोपदेशक हेन्री वॉर्ड बीचर यांच्या कथित विवाहबाह्य संबंधांची बातमी साप्ताहिकाने छापली. अश्लील मजकूर टपालाने पाठवल्याच्या आरोपावरून २ नोव्हेंबरला दोघी बहिणींना अटक झाली. ५ नोव्हेंबरला मतदान झाले, तेव्हा वुडहल तुरुंगात होत्या. त्याच दिवशी रॉचेस्टरमध्ये अँथनी यांनी घटनादुरुस्तीचाच आधार घेऊन मत दिले, आणि पुढे त्यांनाही अटक झाली.

तेव्हा मतपत्रिका सरकार छापत नसे. पक्ष त्या छापून मतदारांना वाटत. म्हणजे गावोगावी कार्यकर्ते नसतील, तर उमेदवाराचे नाव मतदाराच्या हातातच पडत नसे. पेढी आणि साप्ताहिक पैशाने उभे राहिले, ही यंत्रणा मात्र नाही. ग्रँट विजयी झाले. वुडहल यांना एकही इलेक्टोरल मत मिळाले नाही.

पुढे काय झाले?

जून १८७३ मध्ये त्या निर्दोष सुटल्या, पण खटल्यांनी त्यांची आर्थिक घडी विस्कटली. १८७७ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि १८८३ मध्ये त्यांनी बँकर जॉन मार्टिन यांच्याशी लग्न केले. उतारवयात त्यांनी सुप्रजननवादाचा, म्हणजे ‘योग्य’ लोकांनीच मुले जन्माला घालावीत या विचाराचा पुरस्कार केला. त्यांच्या आयुष्यातली ही बाजूही विसरता येत नाही.

त्यांचा घटनात्मक युक्तिवाद १८७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दुसऱ्या एका खटल्यात नाकारला. शेवटी १९२० मध्ये १९वी घटनादुरुस्ती करावी लागली. ९ जून १९२७ रोजी वुडहल यांचे इंग्लंडमध्ये निधन झाले. अमेरिकी महिलांनी अध्यक्षपदासाठी मतदान केल्याचे त्यांना पाहता आले. स्वतःच्या निवडणुकीत मात्र त्या उमेदवार होत्या, मतदार नव्हत्या.